दुनळ्या चार, परवान्यात जागा दोन

पत्र : माझे वडील आणि अविवाहित काका दीड वर्षाच्या अंतराने गेले. दोघांच्या परवान्यांवर दोन-दोन अशा बारा बोअरच्या चार दुनळ्या होत्या. त्या सध्या शहरातल्या परवानाधारक विक्रेत्याकडे जमा आहेत. वारस मी आणि धाकटा भाऊ. भावाला यात रस नाही, सगळं विकून मोकळं होऊ म्हणतो. मला दोन ठेवायच्या आहेत आणि त्यातली एक तरी रेंजवर चालवता यावी अशी इच्छा आहे. पहिली ग्रीनर, ३० इंची नळ्या, दस्त्याला तडा, नळ्यांखाली ‘१३/१’ असा आकडा. दुसरी आजोबांची घोडेवाली, म्हणजे बार काढणारे घोडे बाहेर दिसणारी, नळ्यांवर लाटांसारखी नक्षी, वर मुंबईच्या दुकानाचं नाव. घरात सगळे हिला ‘विलायती’ म्हणतात. तिसरी वेब्ली अँड स्कॉट, २५ इंची नळ्या, नव्यासारखी काळी चकचकीत; विक्रेता म्हणतो हीच ठेवा. चौथी ऑर्डनन्स फॅक्टरीची, साधी. शिवाय गावच्या वाड्यात सोप्याच्या भिंतीवर ठासणीची एक बंदूक टांगलेली आहे आणि काकांच्या ट्रंकेत जुनी कागदी काडतुसं आहेत. काय ठेवू, काय विकू?
— एक वाचक, सातारा जिल्हा

उत्तर :

ताई, चार दुनळ्या सुरक्षित जागी जमा आहेत, त्यांचं नंतर बघू. आधी भिंतीवरची आणि ट्रंकेतली गोष्ट.

तोंडातून दारू ठासून भरायची ती ठासणीची बंदूक म्हणजे शोभेची वस्तू, तिला परवाना कशाला, असा समज आपल्याकडे घरोघरी आहे. १९५९ च्या शस्त्र कायद्याच्या कलम ४५ मध्ये जुन्या, पुरातन मूल्याच्या किंवा मोडक्या शस्त्रांना सूट आहे, पण ती कुठल्या अटीवर हे कुणी वाचत नाही. दुरुस्ती करून किंवा न करता, कशीही ती बंदूक म्हणून वापरता येऊ नये, अशी ती अट आहे. नळी शाबूत, कानातलं म्हणजे बत्तीचं भोक मोकळं आणि घोडा पडतो, अशी ठासणीची बंदूक या सुटीत बसत नाही. कोकणात आजही शेतीसंरक्षणाच्या परवान्यावर ठासणीच्या बंदुका आहेत, त्या परवाना लागतो म्हणूनच. वडिलांच्या किंवा काकांच्या परवान्यावर तिची नोंद नसेल, तर ती तिथं राहू देऊ नका आणि स्वतः गाडीत घालून शहरातही नेऊ नका. गावच्या पोलीस ठाण्यात लेखी कळवा, वारसाहक्काने घर ताब्यात आल्यावर ही सापडली असं स्पष्ट लिहा, त्यांनाच येऊन नेऊ द्या आणि पोच घ्या.

तोवर तिच्या तोंडासमोर कुणालाही उभं राहू देऊ नका. ठासणीची बंदूक भरलेली आहे की रिकामी, हे बाहेरून दिसत नाही, आणि भरून ठेवलेली काळी दारू कोरडी राहिली तर पिढ्यान्‌पिढ्या पेट घेण्याजोगी राहते. जाणकार माणूस ती अशी तपासतो: लाकडी गज अलगद नळीत सोडायचा, तोंडापाशी गजावर खूण करायची, मग तोच गज बाहेरून नळीला समांतर धरायचा. गजाचं टोक कानाच्या भोकापर्यंत पोचलं तर नळी रिकामी. दोन-तीन इंच अलीकडेच थांबलं तर आत दारू, बोळा आणि छर्रे आहेत. अशी बंदूक घरी रिकामी करायची नाही. न्यायला येणाऱ्या पोलिसांना ती भरलेली असू शकते हे आधीच सांगा.

ट्रंकेतली काडतुसंही परवान्याचाच भाग आहेत. ती मोजा, लिहून काढा आणि विक्रेत्याकडे किंवा ठाण्यात जमा करा. नदीत टाकू नका, पुरू नका. आणि रेंजवर ती वापरायचा विचार तर अजिबात नको. पावसाळ्यांत कागदी टरफल दमट होऊन फुगतं, पितळी बुडावर हिरवट कळंक चढतो, टोपीतला मसाला मंद होतो. चाप ओढल्यावर काही झालं नाही असं वाटतं आणि क्षणभराने बार उडतो. याहून वाईट म्हणजे अर्धवट जळलेल्या दारूने बोळा नळीतच अडकतो आणि पुढचा बार त्याच्यावर जाऊन आदळतो. नळी फुगते ती अशी.

आता चार दुनळ्या. डिसेंबर २०१९ मध्ये कायद्यात दुरुस्ती झाली आणि एका व्यक्तीला तीनऐवजी दोनच बंदुका ठेवता येतील असं ठरलं. वारसाहक्काच्या परवान्यालाही हीच मर्यादा आहे, हे त्या दुरुस्तीत वेगळं लिहिलेलं आहे. म्हणजे तुमच्या नावावर दोन. भावाने स्वतंत्र परवाना काढला तर उरलेल्या दोन त्याच्याकडे राहू शकतात, पण ज्याला रस नाही त्याला केवळ साठवणुकीसाठी परवाना घ्यायला लावू नका. त्याच्या बंदुका त्याच्याच ताब्यात आणि त्याच्याच जबाबदारीवर राहायला हव्यात, तुमच्या कपाटात नव्हे.

२०१६ च्या शस्त्र नियमांत परवानाधारकाच्या मृत्यूनंतर वारसाला परवाना देण्याची तरतूद आहे. तुमच्याकडे अर्ज जिल्हाधिकारी कार्यालयात जातो. मृत्यूचे दाखले, दोघांचे मूळ परवाने, विक्रेत्याची जमा पावती, भावाचं नाहरकत प्रतिज्ञापत्र आणि शस्त्र हाताळणीच्या प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र ही तयारी आतापासून करा. अर्जात कुठल्या दोन बंदुका हव्यात ते क्रमांकासकट लिहायचं असतं, म्हणून निवड आधी आणि अर्ज नंतर. मात्र निवडीत फार दिवस घालवू नका. जमा केलेलं शस्त्र ठरलेल्या मुदतीत परत घेतलं नाही किंवा विकलं नाही, तर ते सरकारजमा करता येतं, अशी कलम २१ मध्ये तरतूद आहे. पावतीवरची जमा तारीख बघा आणि मुदतीबद्दल कार्यालयात लेखी विचारा.

परवाना नसताना तुम्हाला यातली एकही घरी नेता येणार नाही. तपासणी दुकानात, विक्रेत्याच्या हातून आणि तुमच्या डोळ्यांसमोर व्हायला हवी. त्याची सकाळची निवांत वेळ मागून घ्या. सोबत टॉर्च, भिंग, सहा इंची स्टीलची पट्टी, सिगारेटचा पातळ कागद आणि वही न्या. नळीचा आतला व्यास मोजायचं बोअर गेज आणि भिंतीची जाडी मोजायचं गेज विक्रेत्याकडे नसेल, तर ते असलेला परवानाधारक कारागीर त्याच दुकानात बोलावून घ्या. या दोन मापांचे पैसे द्यावे लागले तरी द्या. त्यांच्याशिवाय घेतलेला निर्णय अंदाजाचा.

नाव आणि नक्षी शेवटी बघायची, नळ्या आधी. दस्ता जोडता येतो, स्प्रिंग नवी बसते, घोडा घडवता येतो. नळीतून गेलेलं लोखंड परत येत नाही. म्हणून प्रत्येक दुनळी आधी सुटी करून घ्यायची: पुढचं लाकूड, नळ्या आणि दस्ता वेगवेगळे. नळ्यांच्या मागच्या टोकाला खालून जो सपाट भाग असतो, त्यावर चाचणीचे शिक्के आणि आकडे असतात. भिंगातून बघून ते जसेच्या तसे वहीत उतरवा, फोटोही काढा. बंदुकीची जन्मपत्रिका तीच. नळ्या, मधला लोखंडी सांगाडा आणि पुढचं लाकूड या तिन्हींवरचा क्रमांक एकच आहे का, तेही तिथंच कळतं. क्रमांक जुळत नसतील तर कधीतरी दुसऱ्या बंदुकीचा भाग बसवलेला आहे, आणि परवान्यावरच्या क्रमांकाशी फरक असेल तर तो अर्जाआधी मिटवून घ्यायला हवा.

ग्रीनर

तुमचा सगळा निर्णय या ‘१३/१’ वर फिरतो, म्हणून थोडं सविस्तर. १८८७ नंतर ब्रिटिश चाचणी घरं, म्हणजे नळ्या तपासून शिक्का मारणाऱ्या अधिकृत संस्था, नळीचा आतला व्यास अशा आकड्यांत ठोकत. १३ म्हणजे ०.७१० इंच, १३/१ म्हणजे ०.७१९, १२ म्हणजे ०.७२९, १२/१ म्हणजे ०.७४०. ‘१३/१’ याचा अर्थ चाचणीच्या दिवशी नळी ०.७१९ चं गेज घेत होती, ०.७२९ चं घेत नव्हती. आज मागच्या टोकापासून ९ इंच आत मोजल्यावर ती ०.७२९ किंवा जास्त भरली, तर ब्रिटिश हिशोबाने तिची जुनी चाचणी संपली. गंज आणि खड्डे काढायला कुणीतरी आतून घासलेलं असतं, म्हणून व्यास वाढतो. बाहेरून काहीच कळत नाही. उलट आतून आरशासारखी चमकणारी जुनी नळी दिसली की संशय घ्यावा. थोडे खड्डे असलेली पण मापात बसलेली नळी तिच्यापेक्षा बरी.

व्यासाबरोबर जाडीही मोजायची. नळीच्या पुढच्या दोन-तृतीयांश भागात कुठंही भिंत २० थाऊपेक्षा (एक थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग), म्हणजे साधारण अर्ध्या मिलिमीटरपेक्षा कमी नको. २५ थाऊ मिळाली तर उत्तम. नळीभोवती निदान चार ठिकाणी मोजा, कारण घासताना हात एकीकडे गेला की एक बाजू पातळ होते. दोन्ही नळ्यांची मापं वेगळी लिहा. उजवी नळी बहुधा जास्त झिजलेली निघते, कारण पुढचा चाप तिचा आणि पहिला बार तिचाच.

फुगवटा आणि पोचा डोळ्यांनीच दिसतो. सुटी नळी खिडकीकडे धरा आणि खिडकीच्या गजाची सावली नळीच्या आत पडू द्या. नळी हळूहळू फिरवताना सावलीची रेघ सरळ पळाली तर ठीक. एका जागी ती वाकली तर तिथं पोचा आहे, आणि काळं कडं उमटलं तर फुगवटा. पोचा आतून उचलता येतो. फुगवटा म्हणजे धातू ताणला गेला, तो बसवला तरी कमकुवतच राहतो.

मग नळ्या खालच्या हुकाला धरून लोंबकळत ठेवायच्या आणि लाकडी पेन्सिलीने टिचकी द्यायची. घंटेसारखा लांब नाद आला तर दोन नळ्यांमधली पट्टी घट्ट आहे. भांड्याला तडा गेल्यासारखा खरखरला तर डाख सुटलाय आणि पट्टीखाली पाणी शिरून गंज बसलेला असणार.

ग्रीनरची ओळख पटवायला दस्त्याच्या डाव्या अंगाला असलेली सेफ्टी आणि वरच्या पट्टीच्या शेपटातून आडवा जाणारा गोल खिळा बघा. हे दोन्ही असले तरी ब्रिटिश चाचणी घराचे शिक्के मिळायलाच हवेत, कारण आडव्या खिळ्याची नक्कल युरोपभर झाली. शिक्क्यांमध्ये ‘नायट्रो प्रूफ’ अशी अक्षरं किंवा मुकुटाखाली ‘एनपी’ दिसलं, तर ती धूरविरहित दारूसाठी तपासलेली आहे. मिळालं नाही तर ती फक्त काळ्या दारूची, मग नळी पोलादी असो वा नसो.

आता चेंबर, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाचा, काडतूस बसतं तो भाग. या काळातल्या बहुतेक इंग्रजी बारा बोअर अडीच इंची चेंबरच्या, म्हणजे ६५ मिलिमीटरच्या काडतुसासाठी आहेत. आज सर्रास मिळतं ते ७० चं. घोटाळा असा की काडतुसाची लांबी उडाल्यानंतर उघडलेल्या टरफलाची मोजतात. तोंड दुमडलेलं ७० चं काडतूस त्याहून आखूड असतं, म्हणून ते ६५ च्या चेंबरमध्ये आरामात बसतं आणि बंदूक बंदही होते. बार झाला की दुमड पुढं उघडते आणि नळी जिथं अरुंद होते तिथं घुसते. बोळ्याची वाट चिंचोळी होते आणि दाब वाढतो. सुरुवातीला काही होत नाही, म्हणूनच लोक बेफिकीर राहतात. काही काळाने नळ्या आणि सांगाडा यांचा सांधा ढिला होतो आणि दस्त्याला, नेमका मानेपाशी, तडा जातो. तुमच्या ग्रीनरच्या दस्त्याचा तडा कुठं आहे ते बघा. सांगाड्याच्या मागे लाकूड जिथं संपतं तिथून निघत असेल, तर वर्षानुवर्षं चुकीची काडतुसं गेल्याची शक्यता धरा आणि सांधा जास्त बारकाईने तपासा.

सांध्याची तपासणी पुढचं लाकूड काढून करायची. ते लावलेलं असताना त्याची स्प्रिंग नळ्या मागे रेटून ठेवते आणि ढिलेपण लपवते. नळ्या सांगाड्यावर चढवा, चेंबर आणि सांगाड्याची भिंत यांच्यामध्ये सिगारेटच्या कागदाची पट्टी ठेवून बंद करा. कागद जाम धरला गेला तर सांधा चांगला. पट्टी सहज ओढून निघाली, किंवा दस्ता धरून हलवल्यावर नळ्या आडव्या खुळखुळल्या, तर खिळ्याचं काम निघालं. वरचा लिव्हर बंद झाल्यावर मध्यरेषेच्या किंचित उजवीकडे थांबला तर अजून झीज बाकी आहे. डावीकडे गेला असेल तर खालचा खिळा बराच झिजलाय. हे दुरुस्त होतं, पण दुरुस्तीला जाणता हात लागतो. सांध्यात पत्रा घालून देणारा कारागीर नको.

दस्त्याचा तडा तुम्हाला सगळ्यात मोठा वाटतोय, पण तो सगळ्यात लहान दोष आहे. लाकूड तेल पिऊन काळं, मऊ झालेलं असेल तर आधी तेल काढावं लागतं: खडूची बारीक पूड पाण्यासारख्या पातळ सॉल्व्हंटमध्ये कालवून लेप द्यायचा, वाळला की झटकायचा, पूड पांढरी निघेपर्यंत पुन्हा पुन्हा. आठ-दहा लेप सहज लागतात. तेलकट लाकडाला कुठलाही गोंद धरत नाही, म्हणूनच घाईत चिकटवलेले दस्ते वर्षभरात पुन्हा फाटतात.

आजोबांची घोडेवाली

लाटांची नक्षी म्हणजे दमास्कस नळी, लोखंड आणि पोलादाच्या पट्ट्या पिळून, गुंडाळून, ठोकून केलेली. वरच्या पट्टीवरचं मुंबईचं नाव विकणाऱ्याचं असू शकतं. त्या काळी मुंबई-कलकत्त्याची दुकानं बर्मिंगहॅम आणि बेल्जियममधल्या लीएजहून माल मागवायची आणि त्यावर आपलं नाव कोरून घ्यायची. नळ्यांखाली लंबगोलात ‘ईएलजी’ अशी अक्षरं आणि वर मुकुट दिसला, तर ती लीएजची. सिंहाखाली ‘पीव्ही’ असा शिक्का असेल तरच ती आधुनिक दारूसाठी तपासलेली. नसेल तर त्या नळ्यांत आजचं कुठलंही काडतूस घालायचं नाही, कमी भाराचंसुद्धा नाही. मोकळ्या हवेत एक बार व्यवस्थित गेला म्हणून ती सुरक्षित ठरत नाही. पट्ट्यांच्या जोडात आत शिरलेला गंज वरून दिसत नाही.

बाजारात या बंदुकीला किंमत कमी येईल, त्याची मनाची तयारी ठेवा. परवान्यात दोनच जागा उरल्यापासून घेणारा माणूस एक जागा पिस्तुलासाठी राखतो आणि दुसरीत चालणारी बंदूक मागतो. न चालणारी दुनळी, ती कितीही देखणी असो, फार थोड्यांना हवी असते. परदेशी लिलावात पाठवायचा सल्ला कुणी दिला तर तो ऐकू नका. शंभर वर्षांहून जुनी वस्तू १९७२ च्या पुरावशेष कायद्याखाली येते आणि खासगी व्यक्तीला ती देशाबाहेर पाठवता येत नाही. शिवाय शस्त्राच्या निर्यातीलाही वेगळा परवाना लागतो.

वेब्ली

विक्रेता जिची शिफारस करतोय, तीच आम्ही सगळ्यात आधी बाजूला काढू. या बनावटीच्या दुनळ्या साधारणपणे २८ किंवा ३० इंची नळ्यांच्या येतात. इंग्रज बंदूक-कारागीर रॉबर्ट चर्चिल यांनी २५ इंची दुनळ्या प्रचारात आणल्या आणि इतरांनीही तशा बनवल्या, त्यामुळे २५ इंच म्हणजे कापलेलीच असं नाही. ओळख नळ्यांच्या तोंडाशी आहे. मूळ २५ इंची बंदुकीत दोन्ही नळ्या तोंडाशी एकमेकींना टेकलेल्या असतात. कापलेल्या बंदुकीत मध्ये फट राहते, कारण नळ्या पुढे जाताना जवळ येत जातात आणि त्या भेटण्याआधीच करवत चालली. फट शिशाने किंवा पुट्टीने भरलेली असेल तर नखाने टोकरून बघा. मग गेजने तोंडाचा व्यास मोजा. चोक म्हणजे नळीचं तोंडाशी अरुंद होणं. पाव चोक असेल तर आतल्या व्यासापेक्षा तोंड साधारण १० थाऊने अरुंद, अर्ध्याला २०, पूर्ण चोकला ४०. दोन्ही नळ्यांत फरक शून्य निघाला, तर चोकचा तुकडा कापला गेलाय. नळी आखूड करायला कलम ६ खाली परवानगी लागते. तेव्हा हे कधी आणि कुणी केलं याची नोंद जुन्या परवान्यावर आहे का, तेही बघा. काही लिहिलेलं नसेल तर वकिलाला विचारल्याशिवाय हिला हात लावू नका.

तो काळा चकचकीत रंगही मला खटकतो. जुन्या दुनळीच्या नळ्या आणि पट्टी मऊ डाखाने जोडलेल्या असतात. रायफलीला देतात तसा उकळत्या कॉस्टिकचा काळा रंग अशा नळ्यांना दिला, तर ते क्षार डाख खातात आणि पट्टीखाली अडकून वर्षानुवर्षं आतून पोखरत राहतात. दुनळीला सावकाश गंजवून, घासून चढवलेला रंगच योग्य, आणि तो काळपट-तपकिरी, मंद दिसतो. पेन्सिलीचा नाद हिच्यावर दोनदा करून बघा. स्क्रूच्या खाचा कुरतडलेल्या आणि शिक्के घासून पुसट झालेले असतील, तर हिची डागडुजी विक्रीसाठीच झालेली आहे.

ऑर्डनन्स फॅक्टरीची

हिच्याबद्दल लिहिण्यासारखं फार नाही, आणि हेच तिचं बलस्थान. पोलादी नळ्या, आधुनिक दारूची चाचणी, आणि चेंबर ७० मिलिमीटरचं असेल तर खडकीच्या कारखान्याची काडतुसं सरळ घालता येतात; खोक्यावरची लांबी नळीवरच्या आकड्याशी जुळवून मगच. वजन जास्त आहे, तोल थोडा पुढे जातो. पण रेंजवर दिवसाला पन्नास बार करायचे तर हेच वजन खांदा वाचवतं. फक्त चाप किती वजनाला सुटतो ते स्प्रिंगच्या काट्याने बघा: पुढचा १.६ ते १.८ किलो, मागचा १.८ ते २ किलो. त्याहून हलका असेल तर चालवण्याआधी दुरुस्त करून घ्या. सेफ्टी लावून दोन्ही चाप जोरात ओढा, मग चाप सोडून सेफ्टी काढा. तेव्हा घोडा पडला तर सेफ्टी निकामी आहे. ही परीक्षा खोटं काडतूस घालून करायची.

तर निवड अशी. ऑर्डनन्सची ठेवा, रेंजवर तीच जाईल. दुसरी जागा ग्रीनरची, दोन अटींवर: दोन्ही नळ्या ०.७२९ च्या आत असाव्यात आणि जाडी कुठंही २० थाऊच्या खाली जाऊ नये. यातली एकही अट मोडली, तर ग्रीनरही न चालणारीच ठरते. मग दोन न चालणाऱ्या बंदुकांमध्ये तुलना उरते, आणि तिथं आठवणीचा मान मोठा. आजोबांची घोडेवाली ठेवा, ग्रीनर तिच्या मापांसकट विका. ग्रीनर पास झाली, तर घोडेवाली द्यावी लागेल. तिची पेटी, आतलं लेबल, सफाईचे गज, आजोबांचा जुना परवाना हे सगळं मात्र तुमच्याकडेच ठेवा. त्याला परवाना लागत नाही, आणि त्या पेटीची घोडेवालीच्या किमतीत फार भर पडणार नाही. ग्रीनर विकायची वेळ आली तर उलट करा, मूळ पेटी तिच्यासोबतच द्या. चांगल्या इंग्रजी दुनळीची किंमत पेटीने खरोखर वाढते.

विकायच्या बंदुका रंगवू नका, घासू नका, दस्त्याला पॉलिश देऊ नका. जाणता गिऱ्हाईक जुना, उतरलेला पण खरा रंग बघून पैसे देतो, ताजा रंग दिसला की हात आखडतो. वेब्ली विकायची तर नळ्या कापल्याचं लेखी सांगून विका. कुणीतरी ती चालवणार आहे.

जमा असलेली शस्त्रं वारस म्हणून थेट तिथूनच, ज्याच्याकडे योग्य परवाना आहे अशा माणसाला विकता येतात. घेणाऱ्याचा मूळ परवाना बघा: मुदत, बारा बोअरची मंजुरी आणि रिकामी जागा. विक्रेत्याचं कमिशन आणि साठवणुकीचं महिन्याचं भाडं आधी कागदावर ठरवा. वेब्ली ठेवायचा आग्रह आणि स्वतः स्वस्तात ग्रीनर घ्यायची तयारी त्याने एकाच वेळी दाखवली, तर दुसऱ्या विक्रेत्याकडून भाव काढा. पैसे बँकेतून, पावतीवर क्रमांक आणि दोन्ही सह्या. पुढे परवाना तुमच्या नावावर आल्यावर कधी खासगीत विकायची वेळ आली, तर घेणाऱ्याचं नाव-पत्ता जिल्हाधिकारी किंवा ठाण्याला लेखी कळवून ४५ दिवस जाऊ द्यावे लागतात. त्याआधी बंदूक हातातून सोडायची नाही.

दोन घरी आल्यावर चामड्याच्या गवसणीत ठेवू नका. चामडं ओल धरतं, आणि साताऱ्याचा एक पावसाळा नळ्यांवर तांबेरा चढवायला पुरतो. कुलूपबंद लोखंडी कपाटात सिलिका जेलच्या पिशव्या घाला, दर महिन्याला त्या तव्यावर कोरड्या करा, नळ्यांवर तेलाचा बोट फिरवल्याइतकाच पुसट हात द्या. पहिले काही दिवस बंदुका तोंड खाली करून उभ्या ठेवा, तोंडाखाली जुन्या कापडाची घडी ठेवून. जास्तीचं तेल तिथं उतरेल. बट खाली ठेवल्या तर तेच तेल सांगाड्यातून झिरपत दस्त्याच्या मानेत जातं, आणि ग्रीनरच्या तड्याचं काम पुन्हा पहिल्यापासून करावं लागेल.